मोठ्या मोटारींचे उत्तरायुष्य

मोटारगाड्यांविषयीच्या आख्यायिका आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्या बहुतेक सर्व खरेदीच्या आहेत. अमुक महाराजांनी एकाच फेरीत किती गाड्या घेतल्या, तमुक नबाबांच्या गाडीवर चांदीचे कलाकाम कसे होते, हे रंगवून सांगणारे ठिकठिकाणी भेटतात. विलायतेतील दुकानात अपमान झाला म्हणून एका संस्थानिकाने रोल्स-रॉईस गाड्या विकत घेतल्या आणि त्यांच्याकडून शहराचा कचरा वाहविला, ही कथा तर निरनिराळ्या संस्थानिकांच्या नावावर सांगितली जाते; तिला आधार म्हणून भरवशाचा कागद मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. खरेदी ही एका दिवसाची गोष्ट. गाडी चालती ठेवणे हे त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचे काम. त्या कामाची आख्यायिका होत नाही. पण इतिहास आहे तो त्यातच. ज्या गाड्यांचे कारखाने हजारो मैल दूर होते, त्यांपैकी काही पुढे बंदही पडले, त्या प्रचंड गाड्या आपल्या देशात बेताच्या पैशांत, सुट्या भागांवाचून, कशा चालत राहिल्या? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर राजवाड्यांकडे जाण्यापूर्वी छत्तीसगडातील भिलाईकडे पाहावे लागते.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्या वेळी भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील एक लहानसे गाव होते. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भिलाईचा कारभार हिंदीबरोबर मराठीही ज्या राज्याची राजभाषा होती, त्या राज्यातून चाले. नागपूरहून भंडारा, राजनांदगाव आणि दुर्ग यांवरून रायपूरला जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड याच परिसरातून जातो, आणि याच वाटेने विदर्भातील कितीतरी मराठी कुटुंबे पुढे भिलाईत नोकरीसाठी आली. सोव्हिएत संघाने दिलेले कर्ज अडीच टक्के व्याजाचे आणि बारा वार्षिक हप्त्यांत फेडावयाचे होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाईबरोबरच जर्मन साहाय्याने राउरकेला आणि ब्रिटिश साहाय्याने दुर्गापूर उभे राहत होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा हा कणा होता, आणि त्याला लागणारी यंत्रे परकीय चलनाखेरीज मिळणारी नव्हती.

मोटारींचा आणि या यंत्रांचा संबंध येथे येतो. त्यापूर्वी मुंबईत शिवडी येथे अमेरिकन जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून सुटे भाग आणून मोटारी जोडीत होती. फोर्ड कंपनीचाही जोडणीचा व्यवसाय मुंबईत होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनने मोटारधंद्याची चौकशी केली आणि सरकारने असे धोरण ठरविले की, केवळ जोडणी करणाऱ्यांना यापुढे वाव नाही. ज्यांच्याजवळ भारतातच मोटार तयार करण्याची योजना आहे त्यांनाच परवानगी मिळेल. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. हे पहिले पाऊल. दुसरे पाऊल १९५७ सालचे. योजनेच्या खर्चाने परकीय गंगाजळी झपाट्याने ओसरू लागली आणि आयात-परवान्यांचा हात एकदम आखडला गेला. डॉलर आणि पौंड मोजून भट्ट्यांची यंत्रे आणावयाची की श्रीमंतांच्या मोटारी, असा प्रश्न समोर असताना दुसरे उत्तर संभवत नव्हते. भिलाईत तयार व्हावयाचे ते रूळ आणि तुळया. देशाने आपली पसंती स्पष्ट केली होती, आणि तिचा एक अनपेक्षित परिणाम असा की, जी मोठी मोटार देशात होती ती आता जुनी होणार, पण तिच्या जागी नवी येणार नव्हती.

या मोटारी होत्या तरी किती आणि कोणत्या? त्यांतला पहिला थर संस्थानिकांचा. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावर मोटारींची एक कसोटी घेण्यात आली. सुमारे ६२० मैलांची दौड, वाटेत सहा घाट. तीत रोल्स-रॉईसची ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीची एक गाडी बिनतक्रार उतरली. ‘पूर्वेचा मोती’ असे नाव मिळालेली ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. विलायतेतील कारखान्याला भारताच्या बाजारपेठेचा दरवाजा उघडून देणारी ही परीक्षा सह्याद्रीच्या घाटांत झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्यापूर्वी रोल्स-रॉईसच्या आठशेच्या घरात गाड्या भारतात आल्या असा अंदाज केला जातो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग मागविली. कोल्हापूरच्या दरबारी त्याच दशकात जर्मनीची मेबॅक आली.

या गाड्या सांभाळण्यासाठी संस्थानांत ‘मोटारखाना’ नावाचे स्वतंत्र खाते असे. पागेचा आणि हत्तीखान्याचा तो वारसदार. शोफर, फिटर, धुणारे-पुसणारे असा ताफा त्यात असे, आणि त्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात पडे. मालकाला त्याची झळ नव्हती. ही व्यवस्था संस्थानांबरोबरच संपली. छत्तीसगडातील १४ संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी मध्यप्रांतात विलीन झाली. भिलाईच्या पश्चिमेस असलेली राजनांदगाव आणि खैरागड ही त्यांपैकीच. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात आले. संस्थानिकांच्या हाती तनखा राहिला, वाडे राहिले, मोटारीही राहिल्या. पण मोटारखान्याचा पगार आता ज्याचा त्याने द्यावयाचा होता. खैरागडच्या राजघराण्याने आपला राजवाडा १९५६ साली संगीत विश्वविद्यालयास दिला आणि त्या वास्तूला नवे आयुष्य लाभले. वाड्याचे विद्यालय होऊ शकते. सात लिटरच्या इंजिनाच्या मोटारीचे काय करावे, याला इतके सरळ उत्तर नव्हते.

दुसरा थर मध्यम श्रीमंतांचा. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून क्राइस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज, डीसोटो आणि प्लिमथ या गाड्या बाहेर पडू लागल्या. नावे तीन, पण घराणे एक. डॉक्टर, वकील, ठेकेदार, गिरणीमालक, चित्रपटसृष्टीतील मंडळी यांच्या दारी त्या उभ्या राहिल्या. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सकडून स्टुडबेकरही मिळे. पुढे १९५४ पासून कुर्ल्यात फियाट आणि १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्यास अ‍ॅम्बॅसिडर निघू लागली. ती लहान आणि मध्यम मोटारींची राजवट होती. मोठी गाडी नव्याने हवी असेल तर एक अरुंद फट उरली होती: परदेशी वकिलातींतील अधिकारी मायदेशी परतताना ज्या गाड्या मागे ठेवीत, त्या १९५६ साली स्थापन झालेल्या राज्य व्यापार महामंडळामार्फत विकल्या जात. त्यासाठी बोली लागे. वापरलेली गाडी नव्याच्या भावाने घेण्यात लोक धन्यता मानीत.

येथपर्यंतची हकिकत मालकांची झाली. यापुढची मिस्त्रींची आहे.

जुनी मोठी मोटार सांभाळण्यातील मुख्य अडचण एका वाक्यात सांगता येते: गाडीची किंमत उतरते, पण तिचा खर्च उतरत नाही. पन्नास हजारांची गाडी दहा वर्षांनी पाच हजारांना मिळाली, तरी तिचे इंजिन, तिचे ब्रेक, तिचे टायर हे पाच हजारांच्या गाडीचे होत नाहीत; ते पन्नास हजारांच्या गाडीचेच राहतात. स्वस्तात मिळाली म्हणून मोठी गाडी घेणारा या नियमापुढे हटकून फसतो. हा नियम मोडता येत नाही. पण तो वाकविता येतो, हे आपल्या कारागिरांनी दाखवून दिले. कारखान्याचा भाग मिळत नाही, तर भाग कशाचा आहे हे विसरून तो कसा आहे हे पाहावयाचे, ही त्यांची रीत.

उदाहरणे घेतली म्हणजे ही रीत स्पष्ट होईल. मोटारीतील बॉल-बेअरिंग कोणत्या कंपनीच्या गाडीचे, याला कारागिराच्या लेखी महत्त्व नसते. बेअरिंगांची मापे जगभर बहुतांशी ठरावीक आहेत. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी जुळली की ट्रॅक्टरचे किंवा पंपाचे बेअरिंगही राजाच्या गाडीत बसते. तेच तेलाच्या सीलचे. युद्धाच्या आगेमागे निघालेल्या पुष्कळ अमेरिकन मोटारींची चाके सोळा इंची होती, आणि सोळा इंची टायर महिंद्रांच्या जीपसाठी येथेच तयार होत. कुर्ल्याच्या डॉज-डीसोटोंतील सहा सिलिंडरांची साधी पेट्रोल इंजिने ज्या घराण्यातील होती, त्याच घराण्यातील इंजिने ट्रकांतही बसविली जात. त्यामुळे ट्रकच्या दुकानात पुष्कळदा मोटारीची सोय होई. सहा व्होल्टची वीज असलेल्या गाडीला दिवे मिळेनासे झाले, तेव्हा ती बारा व्होल्टवर नेण्यात आली.

जे जुळत नव्हते ते घडवावे लागे. जुन्या मोठ्या इंजिनांत दांड्यांची बेअरिंगे सुटी मिळणारी नसत. कथिलाचे प्रमाण अधिक असलेला पांढरा धातू वितळवून तो जागच्या जागी ओतावा लागे आणि मग हाताने खरवडून दांड्याशी बेताबेताने जुळवावा लागे. हे काम ओताऱ्याचे आणि फिटरचे मिळून आहे. घासलेले सिलिंडर बोअर करून त्यांत नवी स्लीव्ह घालावयाची, पिस्टन ओतून लेथवर उतरवावयाचा, तुटलेला दाता वेल्डिंगने भरून पुन्हा कापावयाचा. उंची गाड्यांच्या टपाखाली आणि दारांच्या आत लाकडी सांगाडा असे. विलायती लाकूड आपल्या पावसाळ्यात कुजले की सुतार तेथे सागवान घाली. पत्रा ठोकणारा, लांबी भरून रंग देणारा, गादीकाम करणारा, कमानपाट्यांना पुन्हा पाणी देणारा लोहार, अशा बारा बलुतेदारांच्या हातून एक मोटार रस्त्यावर येई.

या सर्वांच्या मुळाशी एक यंत्र होते, आणि ते मराठी उद्योजकांच्या घराण्यातून आले. किर्लोस्करांनी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करची स्थापना १९४१ साली केली आणि तेथून लेथ निघू लागले. लेथ गावोगावच्या वर्कशॉपांत पोहोचला म्हणजे सुटा भाग परदेशातून आणण्याची सक्ती निम्मी सैल होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम, लेथकाम आणि तेल-इंजिने यांची जी परंपरा वाढली, तिच्यामागे हेच बळ होते. भिलाईच्या कारखान्यातही निराळे काही घडले नाही. तेथील ओतशाळा आणि यंत्रशाळा कारखान्याला लागणारे कितीतरी भाग स्वतःच घडवीत. आणि झोतभट्टी तर ठरावीक काळाने थंड करून आतून नव्याने बांधावीच लागते. या कामाला पोलादाच्या धंद्यात ‘भांडवली दुरुस्ती’ म्हणतात. भट्टी जुनी झाली म्हणून कोणी फेकून देत नाही. इंजिन उतरवून, बोअर करून, पुन्हा बसविणे ही मोटारीची भांडवली दुरुस्तीच होय.

भाग मिळविण्याचे बाजारही याच काळात नावारूपाला आले. मुंबईत कुर्ला आणि चोरबाजार, कलकत्त्यात मल्लिक बाजार, दिल्लीत पुढे मायापुरी. एकाच जातीच्या दोन गाड्या घ्यावयाच्या, एक चालवावयाची आणि दुसरी सोलावयाची, हा हिशेब पुष्कळ मालकांनी केला. तीन गाड्यांतून एक गाडी वाचली. या हिशेबात दोन गाड्या कायमच्या नाहीशा होतात, हे त्या वेळी कोणाला खुपले नाही. कारण गाडी हे तेव्हा वाहन होते, वारसा नव्हता.

मिस्त्रींच्या अनुभवातून सांभाळाचे काही नियमही तयार झाले, आणि ते आजही खरे आहेत. पहिला असा की, चालणाऱ्या गाडीपेक्षा उभी गाडी लवकर मरते. टाकीतले पेट्रोल आंबून चिकट होते, रबर सुकते, ब्रेकच्या नळ्यांत ओल शिरून गंज धरतो, बॅटरी बसते. म्हणून आठवड्यातून एकदा का होईना, इंजिन चांगले तापेपर्यंत गाडी फिरविली पाहिजे. दुसरा नियम पाण्याचा आणि तेलाचा. मोठे इंजिन सहसा एकदम मोडत नाही. ते तापून मोडते. वंगण वेळेवर बदलणे आणि रेडिएटर साफ राखणे या दोन स्वस्त कामांनी महागडी कामे टळतात. तिसरा नियम असा की, लहान दुखणे लहान असतानाच पाहावे. ठिबकणारा एक सील आज काही रुपयांत बदलता येतो. तो न बदलल्यास क्लच जातो. आणि चौथा, गाडी स्वस्त पाहू नये, सांभाळलेली पाहावी. ज्या गाडीच्या दुरुस्तीची वही मालकाजवळ आहे, ती दुप्पट किमतीला घेतली तरी अखेरीस स्वस्त पडते. मोठ्या गाडीच्या बाबतीत काटकसर म्हणजे खर्च न करणे नव्हे. खर्च वेळेवर करणे होय.

या जुन्या गाड्यांवर खरा आघात १९७० च्या दशकाच्या आरंभी झाला, आणि तो दुहेरी होता. १९७० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या नावे चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. परंतु डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती होऊन तनखे कायमचे बंद झाले. दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, जगभर तेलसंकट आले आणि पेट्रोलचे दर कडाडले. लिटरमागे चार-पाच किलोमीटर जाणारी गाडी चालविणे आता श्रीमंतासही परवडेना. पुष्कळ मोटारखाने रिकामे झाले. काही गाड्या परदेशी संग्राहकांकडे गेल्या. होळकरांची ड्यूसेनबर्गही आज अमेरिकेत आहे. काही भंगारात गेल्या. काही कोठारात ताडपत्रीखाली झोपल्या.

आणि काही गाड्यांचे हृदयच बदलण्यात आले. मोठ्या अमेरिकन गाडीतील पेट्रोल-इंजिन काढून तेथे डिझेल-इंजिन बसविण्याची चाल याच सुमारास फोफावली. मद्रासच्या सिंप्सन कंपनीत तयार होणारी पर्किन्स जातीची इंजिने, पुढे आकुर्डीच्या बजाज टेंपोच्या मॅटाडोरची इंजिने, अशा ट्रकच्या आणि टेंपोच्या यंत्रांवर शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ धावू लागल्या. गाडीचा वेग गेला, तिची ती ख्यातीची शांतता गेली. बसणाऱ्याला आतून टेंपोचा थरकाप जाणवे. पण गाडी चालू राहिली. लग्नाच्या वरातीत, चित्रपटाच्या चित्रणात, हॉटेलच्या दारात ती दिसत राहिली. अगदी असाच प्रकार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, क्यूबात, घडला. १९५९ च्या क्रांतीनंतर आणि १९६२ च्या अमेरिकन व्यापारबंदीनंतर तेथील अमेरिकन मोटारींना भाग मिळेनात, तेव्हा तेथील कारागिरांनी त्यांत सोव्हिएत गाड्यांची इंजिने घातली. क्यूबाला टंचाई बाहेरून लादलेली होती. आपण ती आपल्या योजनेसाठी पत्करली होती. कारागिराच्या बाकावर मात्र दोन्ही टंचाया सारख्याच दिसतात.

दुसरीकडे, याच गाड्यांकडे निराळ्या नजरेने पाहणारेही पुढे येत होते. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींची फेरी भरविण्यास सुरुवात केली. १९६८ पासून ती कलकत्त्यातही होऊ लागली. अहमदाबादजवळ कठवाडा येथे प्राणलाल भोगीलाल यांचा विशाल संग्रह उभा राहिला. कालचे ओझे आज दुर्मीळ वस्तू ठरले. तथापि जुन्या मोटारीचा खरा मान संग्रहालयापेक्षा कोल्हापुरात अधिक दिसतो. छत्रपतींची मेबॅक आजही दसऱ्याच्या दिवशी बाहेर निघते आणि सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते. झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनविणाऱ्या ज्या जर्मन कारखान्याने ती घडविली, त्याचे मोटार-उत्पादन दुसऱ्या महायुद्धात थांबले आणि युद्धानंतर पुन्हा सुरू झाले नाही. २००२ साली त्या नावाने गाड्या निघाल्या, त्या दुसऱ्याच कंपनीच्या. बनविणारा गेला, बनविलेली वस्तू चालते आहे. वर्षातून एक ठरलेला दिवस तिला लोकांसमोर चालत यावयाचे असते, हेही तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण मानले पाहिजे. ज्या वस्तूची वाट पाहणारे कोणी असते, ती सहसा गंजत नाही.

१९९० च्या दशकात दार पुन्हा उघडले. मर्सिडीज-बेंझ कंपनी १९९४ साली भारतात आली आणि १९९५ पासून पुण्यात तिच्या ई-वर्गाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्या पहिल्या गाड्या आज तीस वर्षांच्या घरात आहेत आणि नव्या लहान मोटारीपेक्षाही कमी किमतीत मिळतात. किंमत उतरली, खर्च उतरला नाही, हा जुना नियम नव्या पिढीला नव्याने भेटतो आहे. फरक इतकाच की, पूर्वीच्या गाडीचा दोष कानाने कळे; नंतरच्या गाड्यांत तो विजेच्या लहानशा पेटीत दडलेला असतो, आणि ती पेटी लेथवर उतरविता येत नाही.

या साऱ्या इतिहासाला अलीकडे कायद्याची एक रेषा भेदून गेली आहे, आणि तिचा विचार होणे अगत्याचे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी साध्या मोटारीस ६०० रुपयांवरून ५,००० रुपये आणि आयात मोटारीस १५,००० वरून ४०,००० रुपये झाली. २०२५ साली वीस वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी दर आणखी वाढविण्यात आले. धूर आणि अपघात यांचा विचार करता जुन्या वाहनांना आळा घालणे अयोग्य म्हणता येत नाही. त्याचबरोबर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतर ५,००० रुपयांत नूतनीकरण, आणि नंबराच्या पाटीवर ‘व्हीए’ ही खूण. रोजच्या वापरास बंदी. प्रदर्शन, फेरी, संशोधन आणि देखभाल यांपुरती मुभा. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु एक अट अशी की, गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

या अटीचा अर्थ नीट पाहावा. जी गाडी कोठारात पडून राहिली, जिला कोणी हात लावला नाही, आणि जिच्यासाठी आज एखाद्या धनिकाने परदेशातून भाग आणले, ती ‘मूळ’ ठरते. आणि जी गाडी परवाने नसताना, चलन नसताना, पेट्रोल परवडत नसताना, एखाद्या मिस्त्रीने पर्किन्सचे इंजिन घालून चाळीस वर्षे रस्त्यावर ठेवली, ती ऐतिहासिक ठरत नाही. ज्या उपायाने ती जगली, त्याच उपायाने ती वारशाच्या यादीतून बाद होते. जगात सर्वत्र जुन्या वस्तूंच्या जतनात हा पेच आहे: वस्तू घडली त्या क्षणाला जपावे, की वस्तू जगली त्या काळाला? मोटारीच्या बाबतीत आपण पहिले उत्तर घेतले आहे, कारण ते युरोपातून तयार मिळते. पण भारतातील मोठ्या मोटारीचा वेगळेपणा तिच्या जन्मात नाही. तो तिच्या उत्तरायुष्यात आहे. डर्बी किंवा डेट्रॉइट येथे तिच्यासारख्या शेकडो घडल्या. सागवानाचा सांगाडा, जीपचे टायर आणि टेंपोचे इंजिन घेऊन चालणारी मात्र तिकडे कोणी पाहिली नसेल.

या पेचातून वाट काढणे फारसे अवघड नाही. मूळ स्वरूपातील गाड्यांचा वर्ग जसा आहे तसा असावा. त्याच्या जोडीला, ठरावीक वर्षापूर्वी बदल झालेल्या गाड्यांची नोंद ‘बदलासह’ करणारा दुसरा एक रकाना असावा. कोणते इंजिन केव्हा बसविले, ते कोणत्या वर्कशॉपमध्ये, कशासाठी, एवढे त्यात लिहिले जावे. त्यासाठी फार मोठा खर्च नाही. मात्र वेळ थोडा आहे. गाड्या अजून काही वर्षे टिकतील. पण पांढरा धातू ओतून दांडा हाताने जुळविणारे जे मिस्त्री होते, त्यांची पिढी सरत आली आहे, आणि त्यांचे बहुतेक ज्ञान कोणत्याही वहीत उतरलेले नाही. परकीय चलन वाचवून देशाने भिलाई उभारली, तिची नोंद दगडी फलकावर आहे. त्याच वाचविलेल्या चलनाचा दुसरा अर्धा हिशेब तेलकट हातांनी पुरा केला. त्यांची नावे नोंदविण्याचे काम अजून बाकी आहे.